रंगाला पडलेले डोळे

आमच्या घरात दोन स्टोव्ह होते. एकावर जेवण शिजायचं आणि दुसऱ्यावर मेण. दोन्हींची भांडी एकमेकांत मिसळायची नाहीत हा आईचा नियम होता, आणि तो घोडपदेवच्या त्या दोन खोल्यांत देवघराच्या सोवळ्यापेक्षा कडक पाळला जाई. मेणाचा स्टोव्ह बाहेर गॅलरीत असे. मोठ्या टोपात पाणी, त्यात छोटा टोप, आणि छोट्या टोपात हळूहळू विरघळणारं पिवळं मेण. मेण पुरतं वितळलं की बाबा स्टोव्ह विझवत, तो उचलून लांब ठेवत आणि मगच टर्पेंटाइनचा डबा उघडत. टर्पेंटाइन पटकन पेट घेतं. ते ओतलं की सबंध मजल्यावर पाइनच्या लाकडाचा उग्र वास पसरे आणि शेजारच्या बायका पदर नाकाला लावत. पण तक्रार कुणी करत नसे. गिरणी बंद पडल्यावर ज्याला जो धंदा सुचेल तो त्याने करायचा, हे चाळीने न बोलता मान्य केलं होतं. कुणाकडे मसाला कुटत, कुणाकडे पिशव्या शिवत, आमच्याकडे गाड्यांचं पॉलिश होई.

बाबा गिरणीच्या सायझिंग खात्यात होते. मागावर ताण बसला की सूत तुटतं, म्हणून त्याला आधी खळ लावतात. खळीत स्टार्च असतो, चरबी असते, थोडं मेण असतं. किती शिजवायचं, कधी उतरवायचं हे बाबांना नुसत्या वासावरून कळे. गिरणी बंद झाली आणि हे ज्ञान एका दिवसात निरुपयोगी झालं. बाबा गॅलरीत कठड्याला टेकून बसू लागले. खालच्या गल्लीतल्या गॅरेजांतून पत्रा ठोकल्याचा आवाज येई, कॉम्प्रेसर धडधडे, आणि ते ऐकत बसत. त्यांना त्यातून उठवलं विठूकाकाने.

विठूकाका बाबांच्या गावचा, त्यांच्याच वयाचा. सगळे त्याला विठू पेंटर म्हणत. आमच्या गल्लीच्या टोकाला एका शेठची मोठी शेड होती, तिथे तो गाड्यांना स्प्रेने रंग मारी. लग्न केलं नव्हतं. आठवडाभर खाणावळीत जेवायचा आणि रविवारी आमच्याकडे. आई त्या दिवशी बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी करायची, आणि तो जेवताना एक अक्षर बोलत नसे. हात धुऊन झाल्यावरच त्याची वाचा फुटे. अशाच एका रविवारी तो बाबांना म्हणाला, "दत्त्या, खळ करत होतंस मा? मगे आता मेण शिजव. रंग मी मारतंय, पण वरची चमक येवक शेठ बाहेरचो महाग डबो आणता. तसो डबो तू कर."

बाबांनी त्या बाहेरच्या डब्यातलं मेण बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला आणि कामाला लागले. पहिल्या काही महिन्यांत त्यांचं बरंचसं पॉलिश भाकरीच्या पिठासारखं घट्ट व्हायचं किंवा तेलासारखं वाहायचं. हळूहळू त्यांना प्रत्येक वस्तूचा स्वभाव कळत गेला. मधमाशीचं मेण मऊ, लावायला सोपं, पण उन्हात चिकट होतं आणि धूळ धरतं. पॅराफिन स्वस्त, पण त्याला चमक नाही. कार्नोबा नावाचं एक मेण मस्जिद बंदरच्या बाजारात मिळे. ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून खरवडून काढतात. पिवळसर, टणक कपचे असतात, दातांखाली धरले तर कडकन तुटतील असे. ते एकटं लावताच येत नाही, पण थोडं मिसळलं तर उन्हात टिकतं आणि खोल चमक देतं. टर्पेंटाइनचं काम फक्त वाहून नेण्याचं: मेणाला पातळ करायचं, पत्र्यावर पसरवायचं आणि उडून जायचं. मागे राहतो तो मेणाचा पापुद्रा. जुन्या, मेलेल्या रंगासाठी बाबा वेगळा डबा करत, त्यात अगदी बारीक चिनी माती घालत. "हा घासतो आणि तो झाकतो," ते गिऱ्हाइकाला सांगत. "आधी घासायचं, मग झाकायचं. नुसतं झाकलं तर आतली घाण तशीच राहते."

परवा माझ्या भाच्याने नवी गाडी घेतली आणि लोअर परळच्या एका मॉलच्या तळघरात नेऊन तिच्यावर सिरॅमिक कोटिंग करून घेतलं. मला फोनवर त्याची जाहिरात दाखवली. मी जन्मभर रंगाच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे, त्यामुळे डब्यावरची अक्षरं वाचायची खोड जात नाही. मी त्याला एवढंच म्हटलं की यातही कुणीतरी घासणारं आहे, कुणीतरी झाकणारं आहे आणि कुणीतरी वाहून नेऊन उडून जाणारं. तो हसला. त्याला वाटलं मी म्हातारपणी तत्त्वज्ञान सांगते आहे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय रसायनशास्त्र, तेव्हा आमच्या घरात सिलिकॉनचं तेल आलं. मस्जिद बंदरचा दुकानदार बाबांना म्हणाला की आता सगळे हेच घालतात. दिसायला पाण्यासारखं, वास नाही, चव नाही, जळत नाही, वाळत नाही. वाळूपासून निघणाऱ्या मूलद्रव्याचं तेल आहे हे ऐकून आईचा विश्वासच बसेना. बाबांनी ते थोडंसं मेणात घातलं आणि पॉलिशची तऱ्हाच बदलली. पूर्वी पॉलिश लावून, वाळवून, जोर लावून पुसावं लागे. आता नुसता फडका फिरवला की पत्रा आरशासारखा. पाणी टाकलं तर थेंब मोत्यांसारखे घरंगळून खाली. गल्लीतल्या टॅक्सीवाल्यांनी डबे हातोहात उचलले. आईने मेणाच्या कोपऱ्यात लादीवर पाय घसरून दोनदा आपटल्यावर त्या तेलाला शिव्या घातल्या, पण घरात महिन्याचं रेशन एकदम भरलं जाऊ लागलं, माझी फी वेळेवर जाऊ लागली, आणि तिने लादीवर गोणपाट टाकून घेतलं.

विठूकाकाला सर्वांत जास्त आनंद झाला होता. त्यानेच शेठला सांगून बाबांचे डबे शेडमध्ये ठेवले. बाबा अधूनमधून तिथे जाऊन नव्या गिऱ्हाइकाला स्वतः लावून दाखवत. विठूकाकाच्या कोपऱ्यातल्या गाडीवरच दाखवत, कारण तिथे उजेड चांगला होता.

पावसाळ्याच्या सुमाराला विठूकाका रविवारी कमी जेवू लागला. आईला ते आधी दिसलं. तिने तब्येतीचं विचारलं तर म्हणाला, "काय नाय वहिनी, रंगाक डोळे पडतत."

मी विचारलं डोळे म्हणजे काय, तेव्हा त्याने ताटातल्या सोलकढीच्या थेंबाकडे बोट दाखवलं. ताजा मारलेला रंग अजून ओला असताना मधेच मागे सरकतो. वाटोळी भोकं पडतात, आतून खालचा पत्रा डोकावतो, कडेला रंगाची किनार. माशाच्या डोळ्यासारखी. एकदा पडली की वर कितीही रंग मारा, भरत नाहीत. पार खरवडून पहिल्यापासून सुरू करावं लागतं. असं कधीतरी एखाद्या गाडीला होतं. आता दर गाडीला होत होतं. त्याने कॉम्प्रेसरमध्ये साचलेलं पाणी काढलं, नळ्या बदलल्या, थिनर बदलला, रंगाचा दुकानदार बदलला. शेडच्या दारात नारळ फोडला. देवाला गाऱ्हाणं घातलं. एका डॉक्टरची गाडी त्याने तीनदा खरवडून तीनदा रंगवली आणि तिसऱ्यांदा टपावर इतके डोळे पडले की डॉक्टर गाडी तशीच घेऊन गेले.

शेठने बाहेरून दुसरा पेंटर बोलावला. त्याच्याही रंगाला डोळे पडले, पण तो तयारीचा माणूस. तो म्हणाला, आधीच्याने सगळं सामान नासवून ठेवलंय, साफ व्हायला वेळ लागेल. शेठला ते पटलं. विठूकाकाच्या हातातली स्प्रेची बंदूक गेली आणि त्याला लांबी घासायला बसवलं. लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवण्याचा लगदा. ती पाणी मारून घासायची, हे शिकाऊ पोरांचं काम. गल्लीत बोलणं सुरू झालं की विठू पेंटरचा हात कापतो, तो पितो. तो पीत नव्हता. पण आता तोच आपल्या हाताकडे बघत बसू लागला. जेवताना घास उचलला की मधेच थांबायचा आणि बोटं कापतात का ते निरखायचा. एका रविवारी त्याने बाबांना सांगून टाकलं, "गणपतीक गावाक जातंय. परत येवचंय नाय. हात गेलो माझो."

बाबा त्याच्यासाठी दुसरीकडे काम बघत होते. पुढे कळलं की शेठच्या विनवण्याही करून आले होते. आपल्या डब्याचा याच्याशी काही संबंध असेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पॉलिश रंगाच्या नंतर लागतं, रंगाच्या आधी नाही. असा विचार करणारा माणूस चुकत नव्हता.

गणपतीला गावी जायचं म्हणून आईने पत्र्याची ट्रंक रंगवायला काढली. ती बाबांच्या कोपऱ्यातच असायची, तिच्यावर डबे भरायला ठेवत. आईने ती साबणाने धुतली, वाळवली आणि ब्रशने हिरवा ऑइलपेंट मारला. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली, "सुलू, गो बघ, दुकानदारान फसवला माका. हो कसलो रंग?" झाकणावर हिरवा रंग जागोजागी मागे सरकला होता. वाटोळी भोकं, कडेला किनार. ट्रंकेच्या बाजूंना, जिथे डबे ठेवत नसत तिथे, रंग सपाट बसला होता.

मी विठूकाकाने सांगितलेले डोळे कधी पाहिले नव्हते, पण बघताक्षणी ओळखले. मी बाबांच्या कोपऱ्यातून पत्र्याचे तुकडे घेतले. एकावर जुनं पॉलिश चोळलं, एकावर नवं, एक तसाच ठेवला. तिन्ही पेट्रोलने पुसले, विठूकाका रंगाआधी गाडी पुसायचा तसे. मग तिन्हींवर आईचा रंग मारला. कोऱ्या तुकड्यावर रंग बसला. जुन्या पॉलिशच्या तुकड्यावरही बसला, कारण मेण पेट्रोलमध्ये निघून जातं. तिसऱ्यावर माझ्या डोळ्यांदेखत रंग फाकत गेला.

याचं कारण पुढे मी कितीतरी शिकाऊ मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावलं. सिलिकॉनचं तेल इतक्या पातळ थराने पसरतं की डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याच्यावर दुसरं काही पसरायला तयार होत नाही. पेट्रोलच्या फडक्याने ते निघत नाही, नुसतं इकडचं तिकडे जातं. फडक्याला लागतं, फडक्यावरून हाताला, हातावरून पुढच्या गाडीला. पाण्याचे मोती करणारा गुण तोच, रंगाला डोळे पाडणारा गुणही तोच. त्या दिवशी मला एवढं नीट मांडता आलं नसतं. मी फक्त तीन तुकडे घेऊन बाबांपुढे ठेवले.

बाबांनी ते उजेडात धरले. म्हणाले, "परत कर." मी परत केलं. मग म्हणाले, "आता मी करतो," आणि त्यांनी स्वतः केलं. तिसऱ्या तुकड्यावर डोळे उघडायला लागले तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवला. विठूकाकाच्या कोपऱ्यातल्या ज्या गाड्यांवर त्यांनी हौसेने फडका फिरवला होता त्या त्यांना एकेक करून आठवत असाव्यात.

आई हे सगळं ऐकत होती. तिने तांदूळ निवडता निवडता म्हटलं, "भरलेले डबे तेवढे खपू देत. मगे सांगा. आता सांगलास तर शेठ काय, गल्लीत कोण दारात उभो करूचो नाय."

आईला दोष देऊ नये. घर कशावर चाललंय हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"डबे खपेपर्यंत तो गावाक जायत," बाबा म्हणाले.

आई थोडा वेळ तांदळातले खडे काढत राहिली. मग सूप बाजूला ठेवून उठली आणि खुंटीवरचा सदरा काढून त्यांच्या हातात दिला. "मगे आत्ताच जावा. सुलूक घेवन जावा, तुमका समजावूक येवचा नाय."

आम्ही शेडमध्ये गेलो तेव्हा विठूकाका एका फियाटच्या दाराजवळ उकिडवा बसून लांबी घासत होता. कोपरापर्यंत राखाडी पाणी ओघळलेलं. बाबांनी आडवळण घेतलं नाही. त्याच्यासमोर तसेच उकिडवे बसले आणि म्हणाले, "विठ्या, डोळे माझ्या पॉलिशान पडतत. तुझ्या हाताचो काय संबंध नाय." मी तुकडे दाखवले. सिलिकॉन म्हणजे काय, ते फडक्यावरून कसं पसरतं ते जमेल तसं सांगितलं. शेडमधली ठोकाठोक एकेक करून थांबली. दुसरा पेंटर जवळ आला, शेठ खुर्चीवरून उठून आले.

विठूकाकाने तिसरा तुकडा हातात घेऊन खूप वेळ बघितला. मला वाटलं तो आता तो बाबांच्या तोंडावर फेकेल. त्याने तो खाली ठेवला आणि आपला उजवा हात, ओला, राखाडी, समोर धरला.

"म्हणजे माझो हात बरो आसा?"

"बरो आसा," बाबा म्हणाले.

एवढंच. त्यापुढचं सगळं शेठ बोलले, आणि ते बरंच बोलले. बाबांचे डबे गल्लीत फेकले गेले. बाबा ते गोळा करून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि विठूकाकाने मिळून ती शेड धुतली. जुने फडके जाळले, जमीन सोड्याने घासली, नळ्या टाकून नव्या बसवल्या. गाडीचं एक बॉनेट घेऊन आधी ते साबणाने धुतलं, मग ताज्या थिनरच्या फडक्याने पुसलं आणि ओलं असतानाच लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घेतलं. फडका एकदा वापरला की बाद. हे सगळं घासकागद लावायच्या आधी, नाहीतर तेल घासून आत जिरतं. मग विठूकाकाने तोंडाला रुमाल बांधला आणि बंदूक उचलली. काळा रंग होता. तो मारून झाल्यावर सगळे बॉनेटभोवती उभे राहिले, मर्तिकाला उभे राहतात तसे. रंग ओला चकचकत होता आणि छपराच्या कौलांतून आलेला उजेड त्यात सरळ रेषेत दिसत होता. एकही डोळा उघडला नाही. विठूकाकाने रुमाल सोडला आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

तो गणपतीला गेला आणि परत आला. शेठने बंदूक त्याच्या हाती दिली. पण रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला नाही. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आई तिखलं करायची आणि शेवटी शेजारी वाटायची. रस्त्यात भेटला तर बाबांशी बोले, पण कामापुरतं. राग आधी आलाच नव्हता. तो मागाहून, सावकाश आला. हात बरा आहे हे कळल्यावर गेलेल्या महिन्यांचा हिशेब त्याला करता येऊ लागला असावा.

बाबांनी सिलिकॉन बंद केलं आणि पुन्हा जुनं मेण शिजवायला लागले. गिऱ्हाईक अर्थातच तुटलं. टॅक्सीवाल्यांना झटपट चमक हवी होती आणि ती देणारे आता गल्लोगल्ली झाले होते. त्यातून एक गोष्ट घडली जी कुणी ठरवली नव्हती. रंगवायला येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी कुणा ना कुणाचं सिलिकॉन अंगावर घेऊन येऊ लागली, आणि सगळ्या पेंटरांच्या रंगाला डोळे पडू लागले. गाडी आधी धुऊन, टिपून, निर्मळ करून देणारा माणूस लागत होता. तो बाबांखेरीज कोण असणार? शेठनेच निरोप पाठवला. बाबा दुपारपर्यंत गॅलरीत मेण शिजवत आणि नंतर शेडमध्ये जाऊन विठूकाकाच्या गाड्या पुसत. दोघं एकाच गाडीवर काम करत आणि एकमेकांशी बोलत नसत.

असं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चाललं. एक दिवस मी बाबांना चहा द्यायला शेडमध्ये गेले होते. बाबांनी पुसलेल्या दारावर एकदा वापरलेला फडका त्यांच्याच हातून चुकून टेकला. क्षणभरच. विठूकाकाने ते पाहिलं आणि बंदूक आपटली.

"दत्त्या! परत? परत तोच धंदो? पोरांबरोबर लांबी घासूक बसलंय मी! लोका माका बेवडो म्हणाले! गावाक पत्र धाडलंय, हात गेलो म्हणान, माझी म्हातारी आवस रडली! आणि तू दर रविवारी समोर बसान माका बांगडो वाढत होतंस!"

"माका म्हायत नव्हता, विठ्या."

"म्हायत नव्हता म्हणानच तर तुका मारूक येत नाय!"

बाबांनी मान खाली घातली नाही की सफाई दिली नाही. त्यांनी गठ्ठ्यातून कोरा फडका काढला, थिनर घेतलं आणि ते दार पहिल्यापासून पुसायला सुरुवात केली. पुसून झाल्यावर बाजूला झाले. विठूकाकाने वाकून, तिरप्या उजेडात, दार वरपासून खालपर्यंत तपासलं, आणि कॉम्प्रेसर चालू केला. रंग मारताना तो एरवी श्वाससुद्धा जपून घ्यायचा. त्या दिवशी मात्र हात संथ, सरळ फिरत होता आणि रुमालाआडून तोंड सारखं चालू होतं. कॉम्प्रेसरच्या धडधडीत मला त्यातलं अर्धंच ऐकू येत होतं, पण तो गावाकडच्या सगळ्या शिव्या सावकाश देत होता, आणि दाराच्या पलीकडे उभे असलेले बाबा प्रत्येक शिवीला मान डोलावून "होय" म्हणत होते.